ओलेत्याची शपथ

सोलापूरच्या नवी पेठेतल्या कमलाकरपंत वकिलांच्या घरामागे एक अंगण होतं, आणि त्या अंगणात बारा महिने कुणाची ना कुणाची तरी चूल मांडलेली असायची. खेड्यावरचे पक्षकार तारखेच्या आदल्या दिवशी यायचे, वळकटी ओसरीवर टाकायचे आणि तारीख होईपर्यंत वकिलाच्याच घरी मुक्काम ठोकायचे. पंतांना या गोष्टीचा मोठा अभिमान होता. त्यांच्या बायकोच्या, यशोदाबाईंच्या, वाट्याला फक्त धूर यायचा.

त्या वर्षी संक्रांतीचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, नुकताच उठला होता आणि अंगणात तीन दगडांची चूल मांडून बसली होती सावित्रम्मा. अक्कलकोटच्या वाटेवरच्या एका गावची ही लिंगायत बाई, उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलायला लागली की समोरच्याने आपलं बोलणं उद्यावर टाकावं अशी. गळ्यात लिंग, त्यामुळे परक्या हातचं खायची नाही. यशोदाबाई कडक सोवळ्याच्या, त्यामुळे परक्या माणसाला चुलीपाशी येऊ द्यायच्या नाहीत. कुणी कुणाला जेवायचा आग्रह करायचा प्रश्नच नव्हता, म्हणून दोघींचं छान जमलं होतं.

सावित्रम्माचा दावा होता वाटेचा. प्रतिवादी होता तिचा धाकटा दीर, कल्लप्पा.

दोघा भावांच्या वाटण्या मोठा भाऊ, म्हणजे सावित्रम्माचा नवरा, जिवंत असतानाच झाल्या होत्या, आणि गोडीगुलाबीने झाल्या होत्या. वरचं रान मोठ्याला, ओढ्याकाठचं खालचं रान धाकट्याला. ओढ्याकाठी एक लिंबाचं झाड, आणि त्याच्या सावलीत घरातल्या वडीलधाऱ्यांच्या समाध्या. पुढे मोठा भाऊ तापाने गेला, तेव्हा रीतीप्रमाणे त्यालाही विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवून तिथेच नेला आणि बापाशेजारी मातीआड केला. रान कल्लप्पाचं असलं तरी वाट सगळ्यांची होती. कल्लप्पाच्या दारावरून निघायची आणि बांधाच्या कडेने लिंबापर्यंत जायची. दर सोमवारी दिवेलागणीला सावित्रम्मा पदराआड दिवा धरून त्या वाटेने जायची. दिवा ठेवायची, नवऱ्याला आठवड्याचं गाऱ्हाणं सांगायची आणि माघारी यायची. नवरा जिवंत असताना निम्म्या वाक्यावर उठून जायचा. आता निदान बसून ऐकत होता.

जाता-येता ती कल्लप्पाच्या दारापुढून मान खाली घालून जायची. पूर्वी त्या घरात तिचा दिवसातून दहादा पाय असायचा. पण नवरा गेल्यावर तिने मनाशी ठरवलं, की दुसऱ्याच्या भरल्या संसारात आपण सारखं डोकावू नये, ओझं होऊ नये. तिला कुणी तसं म्हटलं नव्हतं, आणि तिनेही हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मग एका सोमवारी ती आली, तर वाटेच्या तोंडाशी बाभळीचे काटे टाकलेले. आडवे, चांगले रचून. कल्लप्पा दारातल्या कट्ट्यावर बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. तीही बोलली नाही. वाऱ्याने दिवा विझला, तशी ती परतली. पुढच्या सोमवारी तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. एका शब्दाचं काम होतं, पण तो शब्द आधी कुणी बोलायचा यावर घोडं अडलं.

गावात सिद्धाप्पा नावाचा एक गृहस्थ होता. त्याला स्वतःचं रान नव्हतं, पण सोलापूरच्या कोर्टातला प्रत्येक खांब त्याला ओळखायचा. त्याने सावित्रम्माला हाताला धरून कमलाकरपंतांकडे आणून सोडलं. मग कल्लप्पानेही वकील दिला. त्या वकिलाने कैफियत दाखल केली, की सदरहू रानातून वाट अशी कधीही नव्हती व नाही. पंतांनी ती वाचून दाखवली, तेव्हा सावित्रम्माने ती पुन्हा एकदा वाचायला लावली. वाट बंद केली हे तिने एक वेळ सोसलं असतं. वाट नव्हतीच म्हणजे काय? मग तिच्या नवऱ्याला नेला कुठून?

तारखांवर तारखा पडल्या. दोन उन्हाळे गेले, लिंबाखाली दिवा लागला नाही. शेवटी एक दिवस सावित्रम्मानेच तोड काढली.

"वकीलसायेब, ह्ये एवडं कशापायी चाललंय? कल्लूला सिद्धरामाच्या देवळात उबा करा. गळ्यातलं लिंग हातात घिऊन म्हनू द्या, वाट न्हवती म्हनून. म्हनला तर मी सोडली वाट. जन्मात परत नाव काडायची न्हाई."

त्या काळी कायद्यात तशी सोय होती. एका पक्षाने कोर्टाला सांगायचं, की समोरच्याने अमुक देवापुढे अमुक शपथ घेतली तर मला ती मान्य. समोरचा तयार झाला की त्या शपथेवर दाव्याचा निकाल. साक्षी नकोत, पुरावे नकोत, अपिलं नकोत. कमलाकरपंतांना ही सोय ठाऊक होती आणि तिचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. आपला दावा उचलून समोरच्याच्या जिभेवर ठेवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं, असं त्यांचं मत होतं.

"आणि तो खोटं बोलला तर?" पंतांनी विचारलं.

"कल्लू? त्यो खोटं बोलायचा न्हाई."

"बाई, त्याने कैफियतीत धडधडीत लिहिलंय."

"त्ये तेच्या वकिलानं लिवलंय. तुमी बी माज्या दाव्यात लई काय काय लिवलंय की."

पंतांनी चष्मा काढून पुसला. 

"पर एक हाय," सावित्रम्मा म्हणाली. "शपत ओलेत्यानं झाली पायजे. आमच्याकडं कोरड्या अंगानं घ्येतल्याली शपत शपत न्हवं."

अर्ज लिहायला बसल्यावर मात्र पंतांमधला वकील जागा झाला. हरायचंच तर निदान पळवाट ठेवून हरायचं नाही. त्यांनी घोळून घोळून कलम घातलं, की प्रतिवादीने सिद्धेश्वराच्या, म्हणजेच सिद्धरामाच्या, तलावात स्नान करून, डोक्यापासून पायांपर्यंत ओलेत्याने, कपाळी विभूती लावून, हाती लिंग धरून शपथ घ्यावी. कल्लप्पाने अर्ज कबूल केला. कोर्टाने शपथ लिहून घ्यायला एक कारकून नेमला आणि दिवस ठरला.

आदल्या संध्याकाळी सावित्रम्मा अंगणात भाकरी थापत होती. यशोदाबाई आपल्या पायरीवर, म्हणजे विटाळ होणार नाही आणि गप्पा मात्र होतील इतक्या अंतरावर, वाती वळत बसल्या होत्या.

"दीर लहान का हो तुमच्याहून?" त्यांनी विचारलं.

"ल्हान म्हंजी? मी लगीन हून आले तवा ह्यो एवडा हुता." सावित्रम्माने पिठाचा हात जमिनीपासून वीतभर उंच धरला. बहुधा थोडी अतिशयोक्ती असावी. "सासू न्हवती मला. ह्येला न्हाऊ-माकू मीच घालायची. लई वांड. पानी पडलं की डोस्कं पुसायच्या आदी पळायचा, आन् मग रातभर छातीत घर्र घर्र. दमा हाय की तेला. ववा गरम करून छाती शेकत बसायची मी. त्यो झोपायचा, मी जागी."

"मग आता बरा आहे का दमा?"

"कुटला बरा. थंडीत अजून धाप लागती. पौषात तर घराभाईर निगायचा न्हाई सकाळचा."

यशोदाबाईंच्या हातातली वात थांबली. "आणि उद्या सकाळी तुम्ही त्याला तलावात बुडवणार?"

सावित्रम्माच्या तव्यावरची भाकरी करपली. तिने ती उलटली, बाजूला टाकली, दुसरी थापायला घेतली. "शपत ओलेत्यानंच असती," ती म्हणाली, पण या वेळी आवाजात तेवढा दम नव्हता.

जेवण तिला गेलं नाही. कांबळं पांघरून ओसरीवर पडली तेव्हा तिला दुसरीच भीती वाटायला लागली. उद्या कल्लू खोटं बोलला तर? इतके दिवस ती हे वाटेच्या हिशेबाने पाहत होती. खोटं बोलला तर वाट गेली, एवढंच. आता तिला वाटलं, वाट गेली तर गेली, पण हातात लिंग धरून खोटं बोललेल्या माणसाचं पुढे काय होतं? त्याची दोन पोरं तिच्या डोळ्यापुढे आली. धाकट्याचे कान अगदी कल्लूसारखे होते. हा पेच त्याच्यापुढे आपणच मांडला, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

सकाळी तलावावर धुकं होतं. पायऱ्यांवर मंडळी जमली होती. कोर्टाचा कारकून एकनाथराव कानाला मफलर गुंडाळून हुकुमाचा कागद छातीशी धरून उभा होता. हा माणूस इतका नेमाचा, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढप्याने क्रम चुकवला तर त्याला घास गिळत नसे. कल्लप्पाचे तरुण वकील हात चोळत होते. आणि कल्लप्पा, मिशीत पांढरा केस आलेला, चांगला बाप्या माणूस, खालच्या पायरीवर उघडा उभा होता.

त्याने वहिनीकडे पाहिलं नाही. पाण्यात उतरला, तीनदा बुडी मारली आणि वर आला. धोतर अंगाला चिकटलं होतं, केसांतून पाणी गळत होतं, दातावर दात वाजत होते. पायऱ्या चढताना त्याला धाप लागली. ती धाप सावित्रम्माने दिसायच्या आधी ऐकली. ती शिट्टीसारखी घरघर तिला पाठ होती.

सगळे देवळापुढे आले. कल्लप्पाने कपाळावर विभूती लावली, ती पाण्याने लगेच नाकावर ओघळली. गळ्यातलं लिंग त्याने तळहातावर घेतलं.

"म्हणा," एकनाथराव म्हणाले. "मी कल्लप्पा, सिद्धेश्वराच्या पायाशी..."

"मी कल्लप्पा," तो म्हणाला आणि खोकला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा खोकला. मग नुसताच उभा राहिला. छाती भात्यासारखी खालीवर होत होती आणि तोंडून शब्द फुटत नव्हता.

पुढे काय झालं ते सावित्रम्माला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. तिने काही ठरवलं नव्हतं. ती पुढे झाली, पदर हातात घेतला, त्याची मान खाली वाकवली आणि त्याचं डोकं खसाखसा पुसायला लागली. कानामागे, मानेवर, पुन्हा टाळूवर. जसं पूर्वी पुसायची तसं, जरा जोरातच.

"अहो बाई," एकनाथराव ओरडले, "हे काय केलंत?"

"दमा हाय तेला," सावित्रम्मा म्हणाली. जणू एवढं सांगितलं की संपलं.

एकनाथरावांनी कागद उघडला. "हुकुमात स्पष्ट आहे. डोक्यापासून पायांपर्यंत ओलेत्याने. यांचं डोकं कोरडं आहे."

"धोतर ओलं आहे की," कल्लप्पाचे वकील म्हणाले.

"डोक्यापासून असं लिहिलंय. धोतर डोक्याला नसतं."

कमलाकरपंतांनी आकाशाकडे पाहिलं. ते शब्द त्यांचेच होते. पळवाट बुजवायला घातलेल्या कलमातच त्यांची स्वतःची पक्षकारीण अडकली होती.

"मग पुन्हा स्नान करावं लागेल," एकनाथरावांनी निर्णय दिला.

कल्लप्पा पायऱ्यांकडे वळला. सावित्रम्माने त्याचं मनगट धरलं.

"न्हाई. परत पान्यात जायाचं न्हाई."

पंत तिच्याजवळ आले आणि हळू आवाजात, पण कळकळीने म्हणाले, "बाई, नीट ऐका. शपथ तुम्ही मागितलीत. आता तुम्हीच होऊ देत नाही. याचा अर्थ तुम्ही दावा सोडलात. वाट जाईल. कायमची जाईल."

सावित्रम्माने देवळाच्या शिखराकडे पाहिलं. दोन उन्हाळे ती या वाटेसाठी सोलापूरच्या खेपा घालत होती. तिचे डोळे भरून आले, पण मनगट तिने सोडलं नाही.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "मी माज्या बांदावर उबी ऱ्हाऊन दिवा दावीन. तेस्नी दिसंल तितनं."

 कल्लप्पाची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "वाट हाय."

"काय?" एकनाथराव म्हणाले.

"वाट हाय म्हनतो. पैल्यापास्नं हाय. आण्णाला मीच खांदा दिऊन त्या वाटंनं न्येलाय."

"थांबा, थांबा. हे शपथेत धरता येणार नाही. तुम्ही अर्धे कोरडे आहात."

"अहो, खरं बोलायला माणूस ओला कशाला लागतो?" कमलाकरपंत कडाडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखादा दावा कोर्टाबाहेर मिटतोय याचा आनंद झाला होता, आणि तो आनंद रागाच्या सुरात बाहेर पडत होता. "तडजोडीचा कागद करू. दोघांचे अंगठे. शपथ नको नि बिपथ नको."

कल्लप्पाचे वकील आपल्या अशिलाच्या कानाशी लागले. कल्लप्पाने हात जोडले. "तुमी आता ऱ्हाऊ द्या, सायेब. तुमी लई चांगलं लिवलं हुतं. पर त्ये खरं न्हवतं."

मग तो सावित्रम्माकडे वळला. बघत मात्र होता तिच्या पायांकडे.

"वैनी, काटं म्या घातलं. पर वाट मोडायला न्हाई घातलं. आण्णा गेल्यापास्नं तू माज्या दारावरनं सोमवारच्या सोमवारी जातीस, मान वर करून बगत न्हाईस. घोटभर पानी मागत न्हाईस. म्हनलं, काटं टाकलं की हाक तरी मारशील. कल्लू, काटं काड, म्हनशील. तर तू थेट वकिलाकडंच ग्येलीस."

सावित्रम्माचं तोंड उघडं राहिलं. ती मान खाली घालून जायची ती याला जड होऊ नये म्हणून, आणि हा समजत होता वहिनी आपल्याला विसरली म्हणून. दोघांनी मिळून एका हाकेसाठी सोलापूरचं कोर्ट वेठीला धरलं होतं.

"येड्या," ती एवढंच म्हणाली. "आरं येड्या, मग तसं सांगायचं न्हाई व्हय?"

"तू तरी कुटं ईचारलंस?"

 कमलाकरपंतांनी अंगावरची शाल काढून कल्लप्पाच्या खांद्यावर टाकली. घरी आल्यावर यशोदाबाईंनी ती शाल कुठे म्हणून विचारलं, तेव्हा पंत म्हणाले, दाव्याच्या खर्चात गेली.

तडजोडीचा कागद त्याच दुपारी झाला. वाट किती रुंद, कुठून कुठे, तिच्यात कुणी अडथळा करायचा नाही, सगळं पंतांनी बैजवार लिहिलं. सिद्धाप्पा तेवढा नाराज झाला. इतका पिकाला आलेला दावा हातचा गेला, याची हळहळ त्याने पुढे बरेच दिवस गावाला ऐकवली.

पुढच्या सोमवारी दिवेलागणीला सावित्रम्मा पदराआड दिवा धरून निघाली. वाटेवरचे काटे साफ झाले होते, माती सारखी केली होती. पण तोंडाशी, कल्लप्पाच्या दारासमोर, बाभळीची एकच फांदी आडवी पडली होती. एवढीशी, पायाने सारली असती तरी सरकली असती. कागदाप्रमाणे तो अडथळा होता आणि कमलाकरपंतांनी पाहिला असता तर नवा दावा लावला असता.

सावित्रम्मा थांबली. फांदीकडे पाहिलं. मग मान वर केली आणि चांगली खणखणीत हाक मारली.

"कल्लू, काटं काड."

दाराआड तो उभाच असावा, कारण हाक संपायच्या आत बाहेर आला. नुकतीच अंघोळ करून आला होता. संध्याकाळची अंघोळ, तीही पौषात, दमा असलेल्या माणसाने कशासाठी करावी, ते सिद्धरामच जाणे. फांदी उचलून त्याने बांधापलीकडे टाकली आणि वहिनीपुढे येऊन उभा राहिला. केसांतून पाणी गळत होतं.

"डोस्कं पुसलं न्हाईस," सावित्रम्मा म्हणाली.

"न्हाई," कल्लप्पा म्हणाला.

तिने दिवा त्याच्या हातात दिला आणि पदर सोडवून घेतला. दिवा विझू नये म्हणून त्याच्याभोवती तळहाताचा आडोसा धरून कल्लप्पाने मान खाली वाकवली.